गुडघा सासूचा, तोंड सुजलं सुनेचं

मे महिन्याच्या मध्यावर हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २६ वर्षांची एक बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यात आली. तोंडावर पूर्ण पदर होता. तो बाजूला केला तर डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी. पापण्या फुगून पाणी सुटलेलं, गाल लाल, मानेवर बारीक पुरळ आणि उजव्या मनगटापासून कोपराकडे गेलेली पाणीदार फोडांची एक तिरपी रेघ. आदल्या दिवशी गावात कुणीतरी ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणून सुई टोचली होती. शेजारणीनं हातावरची रेघ पाहून नागीण ठरवून टाकली होती. नवऱ्याला वाटत होतं, लग्नसराईत लावलेल्या केसांच्या रंगाचा हा प्रताप.

सुजलेलं तोंड समोर आलं की आधी श्वास बघायचा. तिचा श्वास मोकळा होता, जीभ आणि घसा ठीक होता, आवाज बसला नव्हता, ताप नव्हता, रक्तदाब नेहमीसारखा. म्हणजे विचार करायला वेळ होता.

पित्त म्हणजे गांधी उठतात त्या काही तासांत उठतात आणि विरतात, त्यांच्यात पाणी भरत नाही. नागीण अंगाच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात येते आणि खाजेपेक्षा आग व ठणका जास्त असतो. हिला तर नखांनी ओरबाडावं अशी खाज होती, तीही दोन्ही बाजूंना. केसांचा रंग बाधतो तेव्हा सुरुवात बहुधा कपाळाच्या कडेला, कानामागे, टाळूला होते. हिच्या टाळूला काहीच नव्हतं. उरलं ते बाहेरून लागलेलं काहीतरी. फोड असे रेघेत येतात तेव्हा ती रेघ बहुतेक वेळा त्या पदार्थाच्या ओघळाची असते, नाहीतर नखाच्या ओरखड्याची.

उत्तर तिच्या बोटांवर होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला, नखाच्या कडेला, काळपट तपकिरी डाग. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला तरी निघेना. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा डाग ओळखू यायला हवा.

‘‘बिब्बा हातात घेतला होता का?’’

‘‘मला नाही हो लावला. आत्याबाईच्या गुडघ्याला लावला. मी नुसता दिव्यावर धरला.’’

दुसरी रुग्ण घरीच

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, साठीच्या पुढच्या. त्या आल्याच नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की बिब्बा उतला, म्हणजे कातडीवर फोड आले, की तो लागू पडला. त्यासाठी दवाखाना कशाला? मुलाला परत पाठवून त्यांना आणवलं. त्यांनी खुर्चीत बसता बसता सुनावलं, ‘‘उतल्याबिगर दुखणं कसं निघंल, डॉक्टर?’’ या वाक्याकडे पुढे यायचंच आहे, कारण त्यात बरीच जुनी विद्या आहे आणि तितकीच मोठी गफलतही.

घरात घडलं ते असं. आठवडी बाजारातून मूठभर बिब्बे आणले. संध्याकाळी गोडेतेलाचा दिवा लावून सुनेनं एकेक बिब्बा दाभणाला टोचला आणि ज्योतीवर धरला. कवच तापलं की आतलं काळं तेल फसफसत बाहेर येतं. त्या तेलानं दोन्ही गुडघ्यांवर ठिपक्यांच्या ओळी काढल्या. घरात वारा नव्हता, धूर सरळ सुनेच्या तोंडावर येत होता. मधेच घाम आला म्हणून तिनं त्याच हातानं कपाळ आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना वाटलं, नीट उतला नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच जागी. वरून रुईचं पान गरम करून फडक्यानं आवळून बांधलं. रुईच्या चिकानंही कातडी सोलते, आणि बांधून ठेवलेलं औषध उघड्यापेक्षा खोल जातं. तिन्ही गोष्टी एकाच जागी आल्या.

फडकं सोडलं तेव्हा ठिपके वेगळे राहिले नव्हते. ते एकमेकांत मिसळून बशीएवढा पट्टा झाला होता. मध्ये काळीठिक्कर मेलेली कातडी, भोवती मोठे फोड, त्यातले काही फुटलेले, उजव्या गुडघ्याच्या कडेला पिवळा स्राव. पोटऱ्यांपर्यंत सूज. बाईंना कितीतरी वर्षांची शुगर. गोळ्या ‘उन्हाळ्यात गरम पडतात’ म्हणून बंद. रक्तातली साखर २८०च्या वर निघाली.

एकच बिब्बा, दोन तऱ्हा

ज्या गुडघ्यावर दोनदा तेल ओतलं तिथे जखम झाली हे कुणालाही कळतं. पण जिनं नुसता बिब्बा धरला तिचं तोंड दोन दिवसांनी का फुगलं आणि सासूबाईंच्या गुडघ्याबाहेर एक पुळीही का नाही? प्रकरणातली खरी मेख इथे आहे.

बिब्ब्याच्या कवचात काजूच्या टरफलात असतं तसं तेल असतं. त्यातले भिलावनॉल नावाचे घटक दोन प्रकारे काम करतात. भरपूर लागले तर ते सरळ कातडी जाळतात. त्यात माणसाची आवडनिवड नाही, कुणालाही भाजेल. दुसरी तऱ्हा वेगळी. हे घटक कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या जोडीला परकं समजते. पहिल्या वेळी काहीच दिसत नाही, पेशींच्या स्मरणात नोंद मात्र राहते. नंतर कधीतरी, सुईच्या टोकाएवढं तेल लागलं तरी त्या पेशी जमा होतात आणि साधारण एक ते तीन दिवसांत सूज, खाज, फोड. सासूबाईंना पहिल्या तऱ्हेचं झालं, सुनेला दुसऱ्या. म्हणून सुनेला तेल किती लागलं हे विचारण्यात अर्थ नव्हता, आधी कधी लागलं होतं हे विचारायचं होतं.

तिला आठवलं ते दोन गोष्टींतून. लहानपणी रानात पायात काटा मोडला की तिचे वडील काटा काढून त्या जागी बिब्ब्याचा चटका देत. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या किती तळव्यांवर ते काळे ठिपके असतात. आणि गेली काही वर्षं दर उन्हाळ्यात पाडाचे आंबे उतरवताना तिच्या ओठांच्या कोपऱ्याला चीक उततो. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. त्यांच्या चिकातले घटक चुलतभाऊ शोभावेत इतके सारखे, म्हणून शरीर एकाला ओळखायला शिकलं की बाकीच्यांनाही ओळखतं.

या ओळखीचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. आपले परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरत, कारण ती खूण धुण्याला दाद देत नाही. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमकं परटाची खूण कातडीला टेकते तिथे पुरळ येऊ लागलं. १९४३ साली त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी हा ‘धोबी-खुणेचा त्वचादाह’ म्हणून नोंदवला. या पोरांनी आयुष्यात बिब्बा पाहिला नव्हता. पण त्यांच्या देशात पॉयझन आयव्ही नावाची वेल रानोमाळ वाढते आणि तीही याच कुळातली. शरीर घरीच शिकून आलं होतं, परीक्षा इथे झाली.

धुराचंही तसंच. हे तेल वाफ होऊन उडत नाही, पण जळताना धुराच्या कणांवर बसून तोंडावर येतं. पापणीची कातडी अंगावर सगळ्यात पातळ, तिथे आधी दिसतं.

जुन्या वैद्यकाचा हिशेब

‘उतल्याबिगर दुखणं निघत नाही’ हे सासूबाईंनी मनानं रचलेलं नाही. फोड आणून दुखणं बाहेर काढायचं हा विचार जगभरच्या जुन्या वैद्यकात होता. युरोपात त्यासाठी एक हिरवा भुंगा वाळवून, कुटून, लेपात घालून छातीवर, मानेवर, सांध्यावर बांधत. आत साठलेला दोष फोडाच्या पाण्यावाटे निघून जातो अशी समजूत. १४ डिसेंबर १७९९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या विकारानं गेले, त्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचं पुष्कळ रक्त काढलं आणि गळ्यावर हाच फोड आणणारा लेपही बांधला. १८१० मध्ये रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्या भुंग्यातलं कँथॅरिडिन वेगळं काढलं. आपल्याकडे तुरीच्या फुलोऱ्यावर काळ्या अंगाचा, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा भुंगा बसतो, तो याच जातकुळीचा. तो मानेवर चिरडला की फोड येतो हे खुरपणाऱ्या बायांना कुणी शिकवावं लागत नाही. युनानीत त्याला तेलनी माशी म्हणतात, आणि निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखाला युनानी काही परकी नाही.

युनानीत बिब्बाही मोठा मानाचा, विशेषतः स्मरणशक्तीसाठी. नवव्या शतकातला बगदादचा इतिहासकार अल-बलाझुरी याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की स्मरणासाठी बिब्ब्याचा रस पिऊन त्याला वेड लागलं आणि त्यातच तो गेला. खरी असो वा नसो, औषधाची धार लोकांना माहीत होती एवढं तिच्यावरून दिसतं.

आता चरकाकडे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रसायन प्रकरणात, भल्लातकाचे, म्हणजे बिब्ब्याचे, प्रयोग सांगितले आहेत. बिब्बे आगीसारखे तीक्ष्ण आहेत, पण विधीनुसार वापरले तर अमृतासारखे, असं तिथे म्हटलंय. घरोघर उरलं ते अर्धं वाक्य: बिब्बा अमृतासारखा. विधी काय, ते बघा. न किडलेली, रसानं भरलेली, पिकल्या जांभळासारखी फळं ज्येष्ठ-आषाढात गोळा करायची. जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची. वापरायला सुरुवात करायची ती मार्गशीर्ष-पौषात, थंडीत, तीही शरीर थंड, स्निग्ध, मधुर आहारानं तयार करून. काढा घेण्याआधी तोंडाला आतून तूप चोपडायचं. वर दूध, तूप, साळीचा भात. मात्रा दहा फळांच्या काढ्यापासून रोज एकेक वाढवत तिसापर्यंत, आणि तिथून उतरती. हे वाचून कुणी प्रयोग करू नये, ते मी लिहितोय ते त्यातली भीती दिसावी म्हणून. ज्याला जाळण्याची पुरेपूर जाणीव आहे तोच इतक्या पायऱ्या सांगतो.

सुश्रुतानंही सांध्याच्या, हाडाच्या दुखण्यात डाग देण्याचं कर्म सांगितलं आहे, ठिपक्याच्या आकाराचा डागही त्यात येतो. गुडघ्यावरच्या त्या ओळींना या अग्निकर्माचा वास येतो. पण सुश्रुत पुढे म्हणतो, तातडीचा विकार नसेल तर शरद आणि ग्रीष्म या ऋतूंत डाग देऊ नये, आणि दिलेल्या डागावर मध-तूप लावावं. इथे वैशाखातला उन्हाळा, पारा बेचाळिशीला टेकलेला, त्यावर कच्चा बिब्बा दोन वेळा आणि वर रुईचं पान. चरक-सुश्रुतांना हा रुग्ण दाखवला असता तर त्यांनीही सासूबाईंनाच बोल लावला असता.

आयुर्वेदिक औषधशाळेत बिब्बा कच्चा वापरत नाहीत. पाण्यात बुडणारी फळं निवडतात, देठाकडची टोपी काढतात, विटेच्या चुऱ्याबरोबर पिशवीत घालून घासतात, म्हणजे चुरा तेल शोषून घेतो, मग गरम पाण्यानं धुतात. हे काम करणारे अंगाला खोबरेल लावून बसतात, तरी कुणाला ना कुणाला उततोच. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये, भल्लातक आहे; त्याचं पोटात घ्यायचं औषध वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असं वेष्टनावर छापावं लागतं. आणि तेच फळ बाजारात गोणपाटावर ढीग लावून मिळतं, दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीखाली लटकतं, पोरं ते उचलून खेळतात. मार लागल्याचा खोटा वळ उठवायला बिब्बा वापरतात हे न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्याला अजून शिकवलं जातं. खऱ्या वळाला खाज आणि बारीक फोड नसतात, बिब्ब्याच्या वळाला असतात, आणि खाजवणाऱ्याच्या बोटांवरही ते उमटतात.

मग सासूबाईंना बरं वाटलं का? वाटलं. पहिले चार दिवस गुडघा हलका झाल्याचं त्यांनी शपथेवर सांगितलं आणि मला ते खोटं वाटत नाही. कातडीवर जोराची आग पेटवली की मज्जारज्जूत खोलवरच्या दुखण्याचा निरोप मागे पडतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या ‘दाराच्या’ सिद्धांतापासून याचा पद्धतशीर विचार सुरू झाला. राई कुटून बांधणं, झोंबणारे बाम चोळणं यांचंही गणित हेच. सांध्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, मात्र होती तिथेच राहते, फोडातून पाण्याशिवाय काही निघत नाही. पाचव्या दिवशी गुडघा दुखत होताच, वर भाजल्याचा ठणका.

उपचार आणि पुढचं

सुनेला तोंडावरच्या सुजेमुळे पोटातून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागलं, सकाळी ४० मिलिग्रॅम, आणि ते हळूहळू कमी करत अडीच आठवडे. या प्रकारात चार-पाच दिवसांत गोळ्या थांबवल्या तर सूज उलटून येते. खाजेच्या गोळ्यांनी झोप लागली, खाज फारशी गेली नाही. ती जातच नाही. थंड पाण्याच्या घड्या, चेहऱ्यावर सौम्य आणि हातावर तीव्र स्टेरॉइड मलम. फोडातलं पाणी दुसऱ्याला लागलं तर त्यालाही उतेल या भीतीनं तिच्या तान्ह्या पोराला दूर ठेवलं होतं. त्या पाण्यात बिब्ब्याचं तेल नसतं. तेल असतं ते दाभणावर, दिव्याच्या कडेला, त्या दिवशीच्या पदरावर, उशीच्या अभ्र्यावर. ते सगळं साबणाच्या गरम पाण्यानं धुवायला लावलं, दाभण फेकून दिला. दुसऱ्याच दिवशी डोळे उघडले. दोन आठवड्यांनी मनगटावरच्या काळसर रेघेखेरीज काही उरलं नाही.

सासूबाईंना साखरेमुळे पोटातून स्टेरॉइड देण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांना गरजही नव्हती. त्यांची जखम भाजल्याची होती. काही दिवस इन्सुलिन, प्रतिजैविक, धनुर्वाताची सुई, रोज मलमपट्टी. न फुटलेले फोड फोडले नाहीत. लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घेतलं, कारण बिब्ब्याच्या झाडाचा चीक लागल्यानंतर मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा नाश झाल्याचं १९७९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं आहे. दोन्ही ठीक निघालं. जखम भरायला महिना गेला आणि कडेला काळे, मध्ये पांढरे असे डाग कायमचे राहिले. भुंग्याच्या कँथॅरिडिनचा फोड कातडीच्या अगदी वरच्या पदरात येतो आणि बहुधा वण न ठेवता जातो. म्हणूनच ते २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या मोलस्कम या चामखिळीसारख्या पुटकुळ्यांसाठी ०.७ टक्के द्रावणाच्या रूपात औषध म्हणून मंजूर झालं, डॉक्टरच्या हातूनच लावायचं. बिब्ब्याला ही मर्यादा राखता येत नाही.

घरच्यांनी सुनेच्या हातावर तीळ-खोबरं वाटून लावलं होतं. त्याला मी नावं ठेवणार नाही. बिब्ब्याचं तेल पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं; लागल्या लागल्या खोबरेल लावून फडक्यानं टिपून घ्यावं आणि लगेच साबणानं धुवावं, हे शास्त्राला धरून आहे. चोळून तसंच ठेवलं तर मात्र बोटभर जागेचं हातभर होतं. आणि काही मिनिटांतच तेल कातडीला धरून बसतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लावलेलं तीळ-खोबरं फार तर गारवा देतं.

गुडघ्याचा एक्स-रे काढला. झीज होती, वयाला शोभेशी. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन, शुगरच्या गोळ्या परत सुरू. पुढच्या भेटीत सासूबाईंनी विचारलं, ‘‘मग मार्गशीर्षात लावला तर चालंल का?’’ मी त्यांना चरकाचा महिना सांगून बसलो होतो, त्यांनी बाकीचं सोडून तेवढाच धरला. त्यांना सरळ नाही म्हणून सांगितलं: शुगर आहे तोवर गुडघ्यावर डाग नाही, कोणत्याच महिन्यात.

सुनेच्या कागदावर लाल शाईनं लिहून दिलं: बिब्बा हातात घ्यायचा नाही, बिब्बा जळतो त्या खोलीत थांबायचं नाही, काजूचं टरफल फोडायचं नाही, आंबे दुसऱ्यानं उतरवावेत आणि धुवून साल काढून द्यावेत. गोडंबीचं, म्हणजे बिब्ब्याच्या आतल्या बीचं, तिनंच विचारलं, कारण बाळंतपणाच्या लाडवांत ती आग्रहानं घालतात. गोडंबीचा गर खाण्याचाच आहे, पण फोडताना कवचाचं तेल त्याला लागतं आणि ते पूर्ण गेलंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. तिच्या लाडवांत बदाम आणि डिंक घाला, असं नवऱ्याला सांगितलं.